डॉल्फिनच्या पूर्वजांनी काय टाकून दिलं?

प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हा समज आपल्याकडे कोविडच्या काळात फार घट्ट झाला. काढे, चूर्णं, गोळ्या, सगळं याच एका आश्वासनावर खपलं. उत्क्रांतीकडेही आपण नकळत याच नजरेने बघतो. एखादा प्राणी कोट्यवधी वर्षं टिकला म्हणजे त्याच्या शरीराने रोगांशी लढण्याची साधनं एकावर एक रचत नेली असणार, असं आपण धरून चालतो. देवमासे आणि डॉल्फिन यांच्याविषयी लिहिताना तर हा सूर हमखास लागतो. शरीर एवढं अवाढव्य, काहींचं आयुष्य एवढं दीर्घ, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्तीही तशीच अफाट असणार!

मला हा विचार उथळ वाटतो. विषाणूंपासूनचं संरक्षण कधीच कोठारात साठत जात नाही. त्या त्या काळातल्या विषाणूंशी झालेल्या झटापटींतून ते घडतं, आणि त्यात जमेइतकीच वजाबाकीही असते. डॉल्फिन, ऑर्का, स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशांच्या पूर्वजांनी सस्तन प्राण्यांकडचं एक अत्यंत मोलाचं विषाणूविरोधी हत्यार साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास गमावलं. तरीही ते टिकले, पसरले, नद्यांपासून ध्रुवांपर्यंत पोहोचले. ही वजाबाकी लक्षात घेतली नाही, तर आज त्यांच्यावर येणाऱ्या साथींचा अर्थ लागत नाही आणि त्यांना वाचवण्याचे उपायही भलत्याच जागी शोधले जातात.

१. समुद्र स्वच्छ असतो, हा पहिला गैरसमज

देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे खूरवाले प्राणी होते. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतला हरणासारखा लहानखुरा इंडोहायस, आणि कच्छमधून अशोक साहनी, सुनील बाजपेयी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उजेडात आणलेले जीवाश्म, असा हा पाच कोटी वर्षांपूर्वीचा पुरावा आपल्याच उपखंडात आहे. आज हयात असलेल्या प्राण्यांत त्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा.

हे प्राणी पाण्यात उतरले तेव्हा रोगांचा ताप मागे राहिला, असा तर्क बराच काळ केला जात होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही सागरी सस्तन प्राण्यांत एमएचसी जनुकांची विविधता कमी दिसली. पेशीत शिरलेल्या परक्या प्रथिनाचे तुकडे पृष्ठभागावर आणून संरक्षक पेशींना दाखवणं, हे एमएचसी रेणूंचं काम. त्यांत विविधता कमी, म्हणजे रोगजंतूंचा दबाव कमी, म्हणजे समुद्र तुलनेने निर्धोक, अशी साखळी जोडली गेली.

ही साखळी दोन्ही टोकांना तुटली. चीनमधल्या संशोधकांनी यांगत्से नदीतला बायजी डॉल्फिन आणि डॉल्फिनच्या जवळचा फिनलेस पॉर्पस यांची एमएचसी जनुकं तपासली, तेव्हा तिथे भरपूर विविधता निघाली. दुसरीकडे, समुद्राच्या पाण्यातले विषाणू १९८९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले, तेव्हा काही नमुन्यांत एका मिलीलीटरमध्ये २५ कोटींपर्यंत कण आढळले. अर्थात हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. यातले बहुतेक विषाणू जिवाणूंवर जगणारे असतात, डॉल्फिनच्या पेशीत शिरणं त्यांना शक्यच नसतं.

साथीच्या दृष्टीने पाण्यातले कण मोजण्यापेक्षा कोण कोणाच्या शेजारी श्वास घेतं हे बघायला हवं. शांत बसलेला माणूस एका श्वासात फुफ्फुसातली जेमतेम दहा-पंधरा टक्के हवा बदलतो. डॉल्फिन पाण्यावर येतो, क्षणार्धात जवळजवळ सगळी जुनी हवा जोराने बाहेर फेकतो आणि तितक्याच वेगाने नवी ओढून घेतो. कळपातले शेजारी त्याच वेळी, हातभर अंतरावर, हेच करत असतात. एकाच्या श्वासातले तुषार दुसऱ्याच्या फुफ्फुसात पोहोचायला यापेक्षा सोयीची रचना शोधून सापडणार नाही. आई आणि पिल्लू तर एकमेकांना चिकटूनच वर येतात. तेव्हा देवमाशांनी रोगांचा प्रांत सोडला हे म्हणणं चुकीचं आहे. त्यांनी एका प्रकारचे रोग सोडले आणि दुसऱ्या प्रकारचे गाठले.

२. कमावलं तेही खरं

काही बाजूंनी त्यांची व्यवस्था नक्कीच नव्याने घडली. जंतूंची ओळख पटवणाऱ्या टोल-सदृश ग्राहकांपैकी टीएलआर४ या जनुकाचा अभ्यास नानजिंगच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. जमीन सोडून पाण्यात जाण्याच्या काळात या जनुकात झपाट्याने बदल झाल्याच्या आणि नैसर्गिक निवडीने ते बदल उचलून धरल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. नवे जंतू भेटले आणि ओळखण्याची साधनं त्याप्रमाणे घासून घेतली गेली.

शरीररचनेतही हे दिसतं. बॉटलनोज डॉल्फिनच्या स्वरयंत्राच्या भागात लसीका ऊतींची एक खास ग्रंथी असते, म्हणजे हवेच्या वाटेवरच पहारा आहे. नवजात पिल्लाचं संरक्षण मात्र जुन्या खूरवाल्या घराण्याच्या रीतीनेच चालतं. वारेची रचना गाईच्या वारेच्या जातीची आहे. आईचं आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये इतके पदर असतात की माणसाच्या बाळाला जन्माआधी मिळतात तशा मुबलक प्रतिपिंडांची अपेक्षा तिथे करता येत नाही. त्यांची मोठी भिस्त चिकावर असते. दुधाचा हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याला फार गंभीर वळण मिळतं.

इथपर्यंतची गोष्ट कोणालाही पटेल, कारण ती भर पडत जाण्याची आहे.

३. आणि गमावलं ते

१९५७ साली लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी इंटरफेरॉन शोधून काढलं. विषाणू शिरलेली पेशी हा रेणू बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. पाच वर्षांनी लिंडनमन यांनाच उंदरांचा एक वाण आढळला, जो इन्फ्लुएंझाने मरत नव्हता. कारणाचा शोध घेता घेता जे जनुक सापडलं त्याला एमएक्स हे नाव मिळालं. इंटरफेरॉनचा इशारा पोहोचताच पेशी शेकडो जनुकं चालू करते, त्यांतलं हे एक अग्रणी.

त्याची दोन रूपं बहुतेक सस्तन प्राण्यांत असतात. एमएक्स१पासून तयार होणारे प्रथिनाचे रेणू एकमेकांत अडकून कडी तयार करतात आणि विषाणूच्या जनुकीय धाग्याभोवती बसून त्याच्या नकला होऊ देत नाहीत, असं आजवरचं संशोधन सांगतं. एकच प्रथिन इन्फ्लुएंझाला अडवतं, गोवराच्या विषाणूला अडवतं, हेपटायटिस बीलाही त्रास देतं. एमएक्स२चं काम पेशीकेंद्राच्या दाराशी चालतं. एचआयव्हीला ते रोखतं हे २०१३ साली स्पष्ट झालं, आणि नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होते त्या हर्पिस कुळालाही ते रोखतं हे पुढे समजलं. एवढ्या भिन्न शत्रूंवर चालणारं हत्यार शरीरात क्वचितच असतं.

२०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गिल बेजेरानो यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष म्हणूनच धक्कादायक होता. त्यांनी चार दातवाल्या देवमाशांचे जनुकसंच तपासले : बॉटलनोज डॉल्फिन, ऑर्का, बायजी आणि स्पर्म व्हेल. चौघांतही एमएक्स१ आणि एमएक्स२ दोन्ही निकामी होती. जनुकांच्या जागा ओळखू येत होत्या, पण मजकुराचे मोठे तुकडे गळाले होते, कुठे एखादं अक्षर कमी-जास्त झाल्याने पुढचं सगळं वाचन सरकलं होतं, कुठे वाक्य अर्ध्यावर असतानाच थांबण्याची खूण आली होती. अशा मजकुरातून कामाचं प्रथिन तयार होऊच शकत नाही. तुलनेसाठी घेतलेल्या इतर ५६ सस्तन प्राण्यांपैकी एकातही दोन्ही जनुकं एकदम गेलेली नव्हती. वटवाघूळ, हत्ती, माणूस, प्रत्येकाकडे किमान एक शाबूत.

ही हानी केव्हा झाली असावी, याचाही अंदाज त्यांनी बांधला. दातवाले देवमासे आणि तोंडात गाळणीसारख्या पट्ट्या असलेले बलीन देवमासे यांच्या वाटा ३.३ ते ३.७ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. हानी त्यानंतर लगेचची, आणि फक्त दातवाल्या शाखेत. स्पर्म व्हेलची वाट इतर दातवाल्यांपासून फार लवकर फुटली. त्याच्याकडेही ही जनुकं मोडलेली आहेत, म्हणजे ती सर्वांच्या सामाईक पूर्वजातच मोडली. यातून निघणारा निष्कर्ष आपल्या गंगेपर्यंत येतो. सूस किंवा सोंस म्हणून ओळखला जाणारा गंगेतला डॉल्फिन याच शाखेचा आहे, तेव्हा त्याच्या वाट्यालाही हीच वजाबाकी आलेली असणार.

४. का गेलं असेल?

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे गरज उरली नाही म्हणून गेलं. देवमाशांच्या बाबतीत असं पुष्कळ वेळा घडलं आहे. पाण्यात वासाचा उपयोग घटला, गंधग्राहक जनुकं मोडली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत देवमाशांनी गमावलेल्या ८५ जनुकांची यादी आहे. त्यांत मेलाटोनिनशी संबंधित जनुकं आहेत आणि रक्त गोठण्याच्या साखळीतला बारावा घटकही आहे. खोल बुडी मारणाऱ्या शरीरात नको तिथे रक्त गोठण्याचा धोका असतो, तिथे हा घटक नसलेला बरा, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्वचेतल्या दाहाशी संबंधित आयएल२० हे जनुकही देवमाशांत निकामी आहे. केस आणि तैलग्रंथी गेलेल्या, सतत नव्याने घडणाऱ्या त्वचेला त्याची गरज राहिली नसावी.

एमएक्सच्या बाबतीत मात्र हे उत्तर मला पटत नाही. पाण्यातलं जीवन हेच कारण असतं, तर बलीन देवमाशांनीही ही जनुकं गमावली असती. तेही त्याच समुद्रात, तितकीच वर्षं राहिले, आणि त्यांच्याकडे ती आहेत. सील आणि समुद्रसिंहांकडेही आहेत. गरज संपल्यामुळे जनुक मोडतं तेव्हा ते अनेकदा वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या वेळी, हळूहळू मोडतं. इथे ते एकाच शाखेच्या मुळाशी मोडलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या बहुतेक वाणांत एमएक्स१ निकामी असतं हे खरं. पण ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या देखरेखीत, पिंजऱ्यात वाढले. रानातल्या उंदरांत हे जनुक शाबूत सापडतं. डॉल्फिनच्या पूर्वजांना असा पिंजरा लाभला नव्हता.

योगायोगाने, एखाद्या लहान कळपात दोन्ही गेली आणि पुढे त्याच कळपाचा विस्तार झाला, असं होऊ शकतं का? नाकारता येत नाही. ही जनुकं गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे एका घावात दोन्ही जायबंदी होणं अशक्य नाही. शिवाय आज दिसणारी सगळी मोडतोड पहिल्याच घावाची नाही. जनुक एकदा निरुपयोगी झालं की त्यात पुढे चुका साचतच जातात, त्यामुळे पहिला घाव कोणता ते ओळखणं कठीण होतं.

तिसरी शक्यता स्टॅनफर्डच्या त्या गटानेही मांडली आहे, आणि मला ती सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. एखाद्या विषाणूने याच प्रथिनाचा स्वतःसाठी वापर करायला सुरुवात केली असेल. किल्ल्याची चोरदिंडी आतल्या लोकांच्या सुटकेसाठी ठेवलेली असते. पण गनिमाला तिची वाट ठाऊक झाली, की ती दगडांनी चिणून टाकणारे वाचतात आणि उघडी ठेवणारे मारले जातात. त्या काळी ज्या डॉल्फिन-पूर्वजांत एमएक्स चालू होतं ते त्या साथीत मेले आणि ज्यांच्यात ते मोडलेलं होतं ते वाचले, असं घडलं असेल तर एकच शाखा, एकाच काळात आणि दोन्ही जनुकं, या तिन्ही गोष्टींचा मेळ बसतो. तो विषाणू आज आपल्यासमोर नाही, म्हणून हा तर्क सिद्ध झालेला नाही. पण तो भलताही नाही, कारण गमावण्यातून संरक्षण मिळाल्याची उदाहरणं माणसातच आहेत. सीसीआर५ या ग्राहकाचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही मोडकं आलेल्या माणसाच्या पेशीत एचआयव्हीच्या नेहमीच्या जातींना शिरता येत नाही. आफ्रिकेतल्या मोठ्या लोकसमूहांच्या तांबड्या पेशींवर डफी प्रतिजन नसतं, आणि त्यामुळे व्हायव्हॅक्स मलेरियाच्या परजीवीला तिथे सहज शिरता येत नाही. अशा माणसांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ म्हणायची की ‘जास्त’? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण मोजपट्टीच चुकीची आहे.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे. हत्यार इतकं मोलाचं होतं, तर ते गमावल्यावर हे प्राणी साडेतीन कोटी वर्षं जगले कसे? उत्तर असं की प्रतिकारव्यवस्था एका जनुकावर उभी नसते. इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर जागी होणारी इतर शेकडो जनुकं आहेत, प्रतिपिंडं आहेत, स्मृतीपेशी आहेत. निसर्गात असे त्याग इतरांनीही केले आहेत. विषाणूचा आरएनए ओळखणारं एमडीए५ हे जनुक खवल्या मांजरांत निकामी आहे. वटवाघळांनी धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा मंद करून ठेवली आहे, आणि त्यामुळेच अनेक विषाणू बाळगूनही दाहाने ती मरत नाहीत असं मानलं जातं. प्रत्येक कुळाने स्वतःची तडजोड शोधली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सीलांकडे एमएक्स शाबूत आहे, तरी १९८८ साली उत्तर समुद्रात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीने सुमारे १८,००० हार्बर सील मेले. २०२३ साली अर्जेंटिनाच्या व्हाल्डेस द्वीपकल्पावर एच५एन१ बर्ड फ्लूने हत्ती-सीलांची त्या हंगामातली जवळजवळ सगळी पिल्लं नेली, अंदाज १७,००० पिल्लांचा. मग एमएक्स असून काय उपयोग झाला, आणि नसल्याने डॉल्फिनचं काय बिघडलं?

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. डॉल्फिनकडे एमएक्स नाही म्हणून ते दुर्बळ, असं म्हणणं हे मूळ गैरसमजाचंच उलटं रूप आहे. जनुकांची यादी वाचून कोण वाचेल हे सांगता येत नाही. हल्लेखोर कोण, तो किती नवा, कळपात आधीच्या साथीची आठवण शिल्लक आहे का, आणि शरीर आधीच कशाने खंगलं आहे, हे सगळं त्यात येतं.

मॉर्बिलीविषाणूची गोष्ट म्हणूनच जवळून पाहण्यासारखी आहे. गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि देवमाशांचा मॉर्बिलीविषाणू एकाच कुळातले. डॉल्फिनच्या शरीरात तो एसएलएएम नावाचा ग्राहक पकडून थेट संरक्षक पेशींतच शिरतो. लसीकाग्रंथी ओस पडतात, फुफ्फुसांना सूज येते, मेंदूपर्यंत दाह पोहोचतो, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेल्या बुरश्या आणि जिवाणू शरीरात हात-पाय पसरतात. १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर सातशेहून अधिक बॉटलनोज डॉल्फिन मरून लागले. आधी दोष समुद्रातल्या शैवालांच्या विषाला दिला गेला. जपून ठेवलेल्या ऊती काही वर्षांनी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा खरा आरोपी मॉर्बिलीविषाणू असल्याचं निष्पन्न झालं. १९९०पासून भूमध्य समुद्रात पट्टेरी डॉल्फिन हजारोंनी मेले. २००६-०७ मध्ये साथ तिथे परतली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ती २०१३ ते २०१५ दरम्यान पुन्हा आली आणि दीड हजाराहून अधिक डॉल्फिन गेले. २०१७च्या अखेरीस ब्राझीलच्या सेपेटिबा उपसागरात दोनशेहून अधिक गियाना डॉल्फिन काही महिन्यांत संपले.

या तारखांमधली अंतरं बोलकी आहेत. गोवराप्रमाणेच यातून वाचलेल्याला दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते. काही वर्षांनी वाचलेले प्राणी म्हातारे होतात, ज्यांनी साथ पाहिलेली नाही अशा तरुणांचा भरणा होतो, आणि बाहेरून ठिणगी पडली की कळप पेटतो. इथे संरक्षण एका शरीरात नसतं, ते संपूर्ण समूहाच्या वयोरचनेत असतं. जाळ्यात अडकून अनुभवी प्रौढ मरतात तेव्हा कळपाची ही आठवणही त्यांच्याबरोबर जाते. हे नुकसान कुठल्याही जनुकीय चाचणीत दिसत नाही.

६. जुना निर्णय, आजची किंमत

नैसर्गिक निवड पुढचं पाहत नाही. जे त्या क्षणी फायद्याचं किंवा बिनतोट्याचं ठरलं ते टिकतं, आणि परिस्थिती बदलली की किंमत वंशजांना चुकवावी लागते. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण विषाणूंबाहेरचं आहे. पीओएन१ हे जनुक रक्तातल्या चरबीच्या रक्षणाशी संबंधित आहे. देवमासे, समुद्रगाई आणि काही सील यांनी ते स्वतंत्रपणे गमावलं, आणि देवमाशांच्या बाबतीत तर ते पाण्यात उतरण्याच्या काळातच गेलं असावं. कोट्यवधी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. मग विसाव्या शतकात माणसाने ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं बनवली, आणि २०१८ साली लक्षात आलं की त्यांपासून सस्तन प्राण्यांचं रक्षण करणारं प्रमुख एंझाइम हेच होतं. ज्या विषाचा तेव्हा पृथ्वीवर मागमूसही नव्हता, त्यावरचा उतारा या प्राण्यांनी आधीच टाकून दिला होता.

विषाणूंच्या बाबतीत असाच प्रसंग आता पीसीबींमुळे उभा आहे. विद्युत उपकरणांत वापरलं जाणारं हे रसायन अमेरिकेने १९७९ साली बंद केलं, २००१च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्यावर निर्बंध आणले, तरी ते समुद्रात आणि प्राण्यांच्या चरबीत टिकून आहे. अन्नसाखळीच्या वरच्या पायरीवर त्याची मात्रा वाढत जाते, आणि तिथे डॉल्फिन, ऑर्का असतात. पीसीबी प्रतिकारव्यवस्था दडपतं. भूमध्य समुद्रातल्या साथीत मेलेल्या पट्टेरी डॉल्फिनांच्या चरबीत त्याचं प्रमाण वाचलेल्यांपेक्षा जास्त आढळलं होतं. आता दुधाकडे परत यावं. ज्या चरबीने दाट दुधातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात, त्याच दुधातून आईच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं पीसीबीही उतरतं, आणि सर्वांत मोठा वाटा पहिल्या पिल्लाच्या वाट्याला येतो. आईच्या ढालीबरोबरच तिला गंजवणारं विषही एकाच घोटात पोटात जातं. पाच कोटी वर्षांच्या उत्क्रांतीने या प्रसंगाची कसलीही तयारी करून ठेवलेली नाही, ठेवूही शकत नव्हती.

आणि आता एच५एन१. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या एका कालव्यात, भिंत आणि धक्क्याचा खांब यांच्यामध्ये अडकलेला एक बॉटलनोज डॉल्फिन सापडला. मदत पोहोचेपर्यंत तो मेला होता. पुढे तपासणीत त्याच्या मेंदूत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये एका पॉर्पसमध्ये, आणि पुढे पेरू व चिलीत इतर डॉल्फिन आणि पॉर्पसांमध्ये तो मिळाला. एमएक्स१ ज्याच्यासाठी प्रथम ओळखलं गेलं तो नेमका इन्फ्लुएंझा. जुन्या वजाबाकीचा या नव्या पाहुण्याशी किती संबंध आहे ते सांगायला अजून पुरेशी उदाहरणं नाहीत. पण पक्ष्यांच्या वसाहतींत हा विषाणू सतत बदलत असताना, सर्व दातवाल्या देवमाशांत एकच सामाईक उणीव आहे हे लक्षात ठेवणं भाग आहे. माणसात एकाचं एखादं जनुक कच्चं असलं तर शेजाऱ्याचं पक्कं असतं. इथे ती विविधता उरलेलीच नाही.

७. आपल्या पाण्यात

गंगेतल्या डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचर घोषित केलं गेलं. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बियास यांच्या खोऱ्यांत झालेल्या देशव्यापी गणनेत नद्यांतल्या डॉल्फिनांची संख्या ६,३२७ निघाली. ज्याच्याकडे एमएक्स नाही आणि पीओएन१ही नाही असा हा प्राणी, देशातल्या सर्वांत दाट शेतीच्या खोऱ्यात, कीटकनाशकं आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात राहतो. त्याच्या संरक्षणाची चर्चा धरणं, जाळी आणि बोटी यांभोवती फिरते, ती रास्तच आहे. पण नदीत मिसळणाऱ्या कीटकनाशकांचा प्रश्न त्याच्या बाबतीत निव्वळ प्रदूषणाचा नाही, तो त्याच्या जनुकांत लिहिलेल्या उणिवेचा आहे, आणि तो त्याच पातळीवर हाताळला पाहिजे.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांची गोष्ट वेगळी आहे. ते बलीन शाखेचे, आणि त्या शाखेने एमएक्स टाकलेलं नाही. तरी निश्चिंत राहता येत नाही. जनुकीय पुराव्यांनुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षं इतर हंपबॅकांपासून तुटलेला आहे, आणि ओमानजवळच्या त्यांच्या संख्येचा अंदाज शंभराच्या आत आहे. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या त्वचेवर पॉक्सविषाणूजन्य वाटणारे गोंदणासारखे डाग नोंदवले गेले आहेत. तिथे उपग्रह-खूण लावलेली एक मादी २०१७-१८ च्या हिवाळ्यात अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली होती. म्हणजे हे प्राणी आपल्याही पाण्यातले आहेत.

कोकणात ज्याला गादा म्हणतात त्या डॉल्फिनची आणि फिनलेस पॉर्पसची कलेवरं पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. वनविभागाचा कांदळवन कक्ष त्यांची दखल घेतो. बरीच कलेवरं कुजलेली असतात आणि वाळूत पुरावी लागतात. जी ताजी मिळतील त्यांच्या फुफ्फुसाचा, मेंदूचा, लसीकाग्रंथीचा आणि चरबीचा तुकडा गोठवून ठेवण्याची कायमची व्यवस्था प्रत्येक किनारी जिल्ह्यात हवी, आणि त्यावर मॉर्बिलीविषाणू, इन्फ्लुएंझा आणि पीसीबी यांच्या चाचण्या नियमाने व्हायला हव्यात. अमेरिकेत १९८७च्या मृत्यूंचं खरं कारण कळलं ते कोणीतरी ऊती जपून ठेवल्या होत्या म्हणून. आपल्या किनाऱ्यावर उद्या अशी साथ आली, तर तुलना करायला आज वाळूत पुरल्या जाणाऱ्या याच कलेवरांतले नमुने लागतील.